राक्षस आहे, पण आपला: देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख

गणपतीच्या आधी घरातली, देवामागची पितळी प्रभावळ घासायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. वेलबुट्टी पटकन उजळते, दोन्ही टोकांचे मकर, म्हणजे मगरीसारखे जलचर, तेही उजळतात. अडतं ते वर मधोमध बसलेल्या एका तोंडापाशी. बटबटीत डोळे, वळलेली शिंगं, फुगलेले गाल, वरच्या दातांची रांग. त्या डोळ्यांच्या खाचांत आणि दातांच्या फटींत मागच्या वर्षीचा कोळ काळा होऊन बसलेला असतो. आजी काडीला कापूस गुंडाळून द्यायची आणि म्हणायची, "नीट काढ, देवाच्या डोक्यावर बसलाय तो." कोण बसलाय, असं विचारलं की उत्तर यायचं, "राक्षस आहे, पण आपला."

पुढे देवळं बघायची सवय लागली आणि हे तोंड जागोजागी भेटू लागलं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर, खांबांवर, जोत्याच्या थरांत, शिखरावरच्या कमानींच्या माथ्यावर. गोव्यातल्या देवळांत मूर्तीमागच्या चांदीच्या नक्षीतही ते असतं. त्याचं नाव कीर्तिमुख. बहुतेक जण त्याला ओलांडून दर्शनाला जातात, आणि त्यात चूक काही नाही, दर्शनालाच आलेले असतात ते. पण इमारतीवर चेहरा का कोरतात, तो नेमका त्याच जागी का बसवतात आणि त्याला खालचा जबडा का नसतो, हे एकदा कळलं की देऊळ निराळं दिसायला लागतं.

आधी गोष्ट, कारण ती फार सुंदर आहे. शिवपुराणाच्या युद्धखंडात ती येते, इतर पुराणांतही येते. जालंधर नावाचा असुर तिन्ही लोकांत माजला होता. त्याने राहूला दूत म्हणून कैलासावर पाठवलं. निरोप असा, की पार्वती मला देऊन टाक. शंकर काही बोलले नाहीत. त्यांच्या दोन भुवयांच्या मधून एक भयंकर पुरुष बाहेर पडला. तोंड सिंहाचं, जीभ लवलवती, अंग वाळून कोळ झालेलं, आणि पोटात आग पडलेली. तो राहूला खायलाच धावला. राहूने हात जोडले, मी तर नुसता दूत आहे म्हणाला. दूताला मारत नाहीत, म्हणून शंकरांनी त्याला सोडायला लावलं. मग तो भुकेला जीव विचारतो, आता मी काय खाऊ? शंकर म्हणतात, स्वतःचेच हातपाय खा. आणि तो खातो. पाय, हात, पोट, छाती, सगळं. शेवटी फक्त तोंड उरतं. ते आज्ञापालन बघून शंकर इतके प्रसन्न होतात की त्याला कीर्तिमुख असं नाव देतात, कायमचं आपल्या दारात ठेवतात आणि सांगतात, तुझी पूजा केल्याशिवाय जो माझी पूजा करील त्याची पूजा फुकट.

राहूसुद्धा धड तुटून नुसतं डोकं उरलेलाच. म्हणजे एक डोकं निरोप घेऊन आलं आणि त्याच्यापायी दुसरं डोकं जन्माला आलं. ओडिशापासून आग्नेय आशियापर्यंत या तोंडाला कुठे राहू म्हणतात, कुठे काल, त्यामागे ही सरमिसळ दिसते.

गोष्ट मनाला भिडते, पण तिच्यावर थांबलं तर अर्धंच कळतं. चेहरा आधी आणि गोष्ट नंतर, असं मानायला बरीच जागा आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या लेण्यांत खांबांवर अशी सिंहाची तोंडं आहेत आणि त्यांच्या तोंडातून मोत्यांच्या माळा लोंबतायत. लेणं बौद्धांचं. तिथे शंकराचा दारवान असण्याचं काही कारण नाही. जैन मंदिरांतही हेच तोंड येतं. तेव्हा हे एका पंथाचं दैवत नाही, ती पाथरवटांच्या हातातली सामाईक खूण होती. पुराणाने तिला गोष्ट दिली, आणि गोष्ट इतकी चपखल बसली की आता दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

नावाचंही असंच. कीर्ती म्हणजे नावलौकिक, हा अर्थ आपण सहज लावतो. पण जुन्या लेखांत कीर्ती आणि कीर्तन हे शब्द बांधलेल्या किंवा खोदलेल्या वास्तूसाठीही येतात. बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूट राजा कर्क याचा ताम्रपट नवव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. त्यात वेरूळच्या डोंगरातल्या अद्भुत देवळाचं वर्णन आहे. ते बघून देवांनाही नवल वाटलं आणि घडवणारा शिल्पीही 'हे माझ्या हातून झालं कसं' म्हणून चकित झाला, असं त्यात म्हटलंय. त्या देवळाला तिथे शब्द वापरलाय तो 'कीर्तन'. म्हणून कीर्तिमुख म्हणजे वास्तूचंच मुख, असाही अर्थ काही अभ्यासक लावतात. मला हा अर्थ जास्त आवडतो.

आता चेहरा वाचू. चांगलं कीर्तिमुख समोर आलं की वरून खाली यावं. माथ्यावर बहुतेक वेळा ज्योतीसारखा किंवा पानासारखा तुरा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगं, ती आत किंवा बाहेर वळून वेलीची वेटोळी होतात. मग जाड, वर उचललेल्या भुवया. त्यांच्याखाली डोळे, आणि सगळं लक्ष तिथेच खेचलं जातं. ते खोबणीत बसलेले नसतात, बाहेर आलेले असतात, लिंबाएवढे. नाक आखूड, नाकपुड्या फुगलेल्या, सिंहाचं नाक. मिशा असल्या तर त्या पसरत पसरत पानं होतात. वरचे दात, दोन सुळे. कधी दोन्ही बाजूंना पंजे. आणि दातांच्या खाली चेहरा संपतो. हनुवटी नाही, खालचा ओठ नाही.

हे अपुरेपण म्हणजेच या आकृतीचं मर्म. पुराणातली गोष्ट सांगते, त्याने स्वतःला खाल्लं. दगड सांगतो ते थोडं निराळं आहे. खालचा जबडा असता तर तोंड मिटलं असतं किंवा नुसतं उघडं राहिलं असतं. जबडा नाही म्हणून तोंडाखालची जागा मोकळी राहते, आणि त्या जागेतून काहीतरी बाहेर येतं. मोत्यांची माळ, पानांची वेल, घंटा, कधी अख्खी कमान. प्रभावळीत बघा. वरचं तोंड जणू दोन्हीकडे एकेक धार सोडतं, ती धार वळत खाली येते आणि टोकाला मकराच्या तोंडात शिरते, किंवा मकराच्या तोंडातून निघून वर येते. दोन्ही तऱ्हेने वाचता येतं. मकर पाण्यातला, कीर्तिमुख वरचं, आकाशाकडचं. त्यांच्यामधून जी कमान झाली तिला मकरतोरण म्हणतात, आणि तिच्या आत देव उभा.

म्हणजे हे तोंड गिळणारंही आहे आणि ओकणारंही. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मंदिरांत याला काल म्हणतात. तिथल्या बोरोबुदुर या बौद्ध वास्तूच्या नवव्या शतकातल्या दारांवर वर कालाचं मुख आणि खाली दोन मकर, ही रचना आपल्या प्रभावळीसारखीच आहे, मैलोगणती समुद्राच्या पलीकडे. मध्य जावात त्याला खालचा जबडा नसतो. पुढच्या शतकांत पूर्व जावातल्या मंदिरांत तो जबडा आला, आणि आल्याबरोबर चेहऱ्याचा स्वभाव बदलला. आता ते मुख काही सोडत नाही, नुसतं बघतं आणि धाक घालतं. एका हाडाचा एवढा फरक. बालीत दारावरच्या अशाच मुखाला भोम म्हणतात. नेपाळात त्याचा भाऊबंद छेप्पू, तो बऱ्याचदा नाग तोंडात धरून तोरणाच्या माथ्यावर बसलेला.

जागेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कीर्तिमुख इमारतीवर मोकळी जागा दिसली म्हणून बसवत नाहीत. जिथे एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे ते येतं. बाहेर आणि गाभारा यांच्या मधला उंबरा. कमानीच्या दोन बाजू वर जिथे मिळतात तो माथा. खांब चौकोनी असतो तो अष्टकोनी होण्याआधीचा पट्टा. जोतं संपून भिंत सुरू होते त्याच्या आसपासचा थर. सांधा आला की चेहरा आला.

उंबऱ्यापाशी थोडं बसूया. यादवकाळातल्या एखाद्या शिवमंदिरात गाभाऱ्यासमोर वाकून बघा. पायाशी अर्धगोल चंद्रशिला. तिच्यामागे उंबरा, शिल्पशास्त्रातला उदुंबर. उंबऱ्याच्या मध्यावर पुढे आलेला अर्धगोल भाग, त्यावर कमळ किंवा वेल, त्याला मंदारक म्हणतात. आणि मंदारकाच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक कीर्तिमुख. मध्ये कमळ आणि दोन बाजूंना दोन तोंडं, ही मांडणी इतकी ठरलेली आहे की अंधारात हातानेही कळते. कितीतरी देवळांत या दोन तोंडांवर हळदकुंकू असतं. पुराणात म्हटलंय ना, आधी त्याची पूजा. बायका वाकून बोट लावतात, बोट कपाळाला नेतात आणि मग आत पाय टाकतात. शेकडो वर्षं असं बोट लागून कपाळ आणि नाक गुळगुळीत झालेलं असतं, डोळ्यांभोवतीच्या खाचा मात्र खोल राहिलेल्या.

उंबऱ्यावर सांगितली जाणारी दुसरी समजूत अशी, की आपला अहंकार आणि हाव या तोंडाला खायला देऊन आत जायचं. ही समजूत किती जुनी असेल ते असो, जागेला ती शोभते.

खांबांवर आणि जोत्यावर प्रकार वेगळा. तिथे एकच तोंड ओळीने पुन्हापुन्हा येतं. त्या पट्टीला ग्रासपट्टी म्हणतात. ग्रास म्हणजे घास, म्हणून घास घेणारं तोंड. जोत्यात जाड्यकुंभ, कर्णिका, मग ग्रासपट्टी, तिच्यावर गजथर, नरथर असे थर चढत जातात. अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर (तिथल्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असं साल आहे) किंवा सिन्नरच्या गोंदेश्वरासमोर उभं राहिलं तर असे थर डोळ्यासमोर रचलेले दिसतात. ग्रासपट्टीची जादू अंतराची आहे. लांबून नुसती दातेरी किनार वाटते, लुगड्याच्या काठासारखी. चार पावलं पुढे गेलात की काठात डोळे दिसायला लागतात. आणखी पुढे गेलात की कळतं, एका तोंडातून निघालेली माळ शेजारच्या तोंडात गेली आहे आणि सगळी पट्टी एका धाग्यात ओवली आहे.

पण चेहराच का? सांध्यावर फूल चाललं असतं, घट चालला असता. त्याचं कारण देवळात नाही, आपल्या डोक्यात आहे. माणसाचा मेंदू चेहरा ओळखण्यात फार तरबेज असतो, इतका की जिथे चेहरा नाही तिथेही तो त्याला दिसतो. दोन ठिपके आणि खाली एक रेघ काढा, झालं. जुन्या अँबॅसिडर गाडीला तोंड आहे असं आपल्याला वाटायचं ते यामुळेच. जन्मून तास-दोन तास झालेलं बाळसुद्धा विस्कटलेल्या ठिपक्यांपेक्षा चेहऱ्यासारख्या मांडणीकडे जास्त वळून बघतं, असं मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलंय. फुलाकडे आपण बघतो. चेहरा मात्र आपल्याकडे बघतो असं वाटतं. इमारतीवर डोळे कोरले की ती इमारत जागी होते. दारात कुणीतरी आहे, ही भावना शब्दांशिवाय येते. जगात जिथे जिथे माणसाने दार बांधलं, तिथे तिथे हे शहाणपण दिसतं.

ग्रीसच्या कॉर्फू बेटावर आर्टेमिसच्या देवळाच्या माथ्यावर इसवी सनापूर्वी ५८०च्या सुमाराला गॉर्गन ही राक्षसी कोरली होती. डोळे वटारलेले, दात दिसतायत, जीभ बाहेर. पुढे ग्रीक आणि रोमन छपरांच्या कडेला तिची नुसती मुंडकी बसू लागली. वाईट नजरेला त्याहून वाईट नजर दाखवायची, हा हिशेब आपल्याकडच्या दारावरच्या काळ्या बाहुलीचाच. युरोपात नंतर कमानीच्या मधल्या दगडावर चेहरा कोरायची चाल पक्की झाली, त्या चेहऱ्याला मॅस्करॉन म्हणतात. तो मधला दगड म्हणजे कमानीची किल्ली. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांवर रेलतात आणि शेवटी वरून हा दगड बसतो तेव्हा कमान स्वतःच्या पायावर उभी राहते. म्हणजे तिथेही चेहरा सांध्यावरच. पॅरिसमध्ये १६०७ साली खुल्या झालेल्या पाँ नफ या पुलाच्या दोन्ही अंगांना असे ३८१ चेहरे आहेत, दाढीवाले, पानांची जटा असलेले, तोंड वेंगाडणारे.

युरोपातल्या चेहऱ्यांचं बलस्थान त्यांच्या वेगळेपणात आहे. तिथे कलाकार म्हणतो, बघा, हा त्याच्यासारखा नाही. आपला पाथरवट एकच तोंड शंभरदा कोरतो आणि फरक करतो तो मिशीच्या वळणात, माळेच्या पदरांत. कीर्तिमुख कुणाची तसबीर नाही. त्यामुळे ते वयाने म्हातारं होत नाही.

मुंबईकराला हे दोन्ही प्रकार एका दिवसात बघता येतात. आपलं सीएसएमटी, म्हणजे जुनं व्हीटी, १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर उभं राहिलं. सजावटीच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. भिंतींवर गोल चौकटींतून माणसांचे चेहरे बाहेर डोकावतात, त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट आहेत. हे ओळखीचे, नाव असलेले चेहरे. वर छपराच्या कडेला जनावरांची तोंडं. तिथून लोकल पकडून अंबरनाथला उतरा, देवळापर्यंत जा आणि खांबावरच्या बिननावाच्या तोंडासमोर उभे राहा. दोन्हीकडे दगडाला डोळे दिलेत. व्हीटीवरचा चेहरा सांगतो, मी अमुक. अंबरनाथचा विचारतो, तू कोण?

दगडाबद्दलही सांगायला हवं, कारण त्यावाचून आपल्याकडच्या कीर्तिमुखांना न्याय मिळत नाही. कर्नाटकातल्या बेलूर-हळेबीडची कीर्तिमुखं पाहून आलेला माणूस आपल्याकडची बघून म्हणतो, ही जरा सपाट वाटतात. ती देवळं बांधणाऱ्या होयसळ राजांचा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, त्यात दागिन्यासारखं कोरता येतं, दातांच्या मागेसुद्धा छिन्नी फिरते. आपला काळा पाषाण कठीण. त्यात नाजूक, सुटी जाळी काढायला गेलं की कडा उडते. म्हणून आपल्या पाथरवटाने चेहरा खोलीत न नेता रेषेत नेला. डोळा म्हणजे एक गोळा आणि त्याभोवती एक कडं, गाल म्हणजे एक वेटोळं, दात म्हणजे सरळ खाचांची रांग. कमी घावांत जास्तीत जास्त चेहरा. यात मला उणीव दिसत नाही. शब्द मोजून वापरणाऱ्या माणसाच्या बोलण्यासारखं आहे ते.

बघायला जायचं तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. ऊन तिरकं आलं की खाचांत सावली भरते आणि तोंड उठून दिसतं. भर दुपारी तेच तोंड पाटीसारखं कोरं. आतल्या उंबऱ्यासाठी मोबाइलचा दिवा जमिनीलगत, बाजूने धरावा. समोरून धरला तर काही दिसत नाही. खडू, पीठ, पावडर लावून नक्षी उठवू नये, दगडाच्या भोकांतून ते निघत नाही.

ऑइलपेंटबद्दल मात्र मनापासून कळकळीने सांगते. गावोगावी जीर्णोद्धाराच्या उत्साहात कीर्तिमुखांना पांढरे डोळे, लाल जीभ, पिवळे दात रंगवतात. भक्ती खरी असते, त्यावर शंका नाही. पण रंगाचा थर खाचा बुजवतो आणि दगडातला ओलावा कोंडून ठेवतो. रंग पोपडे होऊन सुटतो तेव्हा वरचा दगड घेऊन जातो. काढायला पुन्हा घासकाम करावं, तर उरलेली धारही जाते. देवस्थानच्या माणसांशी बोलताना "पुरातत्त्ववाले काय म्हणतात" यापेक्षा "आधी याची पूजा, मग देवाची" ही पुराणातली गोष्ट सांगितलेली जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. ज्याला देवाच्या आधीचा मान आहे, त्याला बुजवायला हात धजत नाही.

आमच्या आजोळच्या गावातल्या देवळात उंबऱ्यावर पितळी पत्रा ठोकला, त्याला काही वर्षं झाली. पायांनी दगड झिजतो म्हणून ठोकला. मी ऐकलं तेव्हा जीव हळहळला. गेल्या वेळी गेले तेव्हा वाकून बघितलं. पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने खालची दोन तोंडं पाहून ठेवली असणार, कारण बरोबर त्याच जागी, मंदारकाच्या दोन अंगांना, त्याने पितळेत दोन नवी कीर्तिमुखं उठवली होती. शिंगं होती, डोळे लिंबाएवढे होते, मिशीची पानंही झाली होती. खालचा जबडा त्याने उठवला नव्हता. तोंडाखालून तीन पदरी माळ लोंबत होती, आणि कुणीतरी सकाळीच दोन्ही कपाळांवर कुंकू लावून गेलं होतं.